चुलीची मागची बाजू

लिंझ, ९ सप्टेंबर १९८४

प्रिय रोसांदा,

तू आणि मिलिसाव मजेत असाल. आईला माझा नमस्कार सांग, आणि कानाशी जाऊन मोठ्याने सांग, नाहीतर म्हणेल पोरगी विसरली.

बातमी अशी की आमच्या लेकीचं, येलित्साचं जमलं. मुलगा इथलाच, लिंझचा. घरचे लोक शिकलेले, शांत. इतके शांत की त्यांच्यासमोर मला माझाच आवाज मोठा वाटायला लागतो. त्यांनी स्वतःहून सांगितलं, "आम्हाला तुमचं माहेर बघायचंय." मी काय करणार? म्हटलं, डिसेंबरमध्ये आमच्या घरच्या निकोला संताचा सण असतो, तेव्हा या. आता तीन महिने माझी झोप उडाली म्हण.

घर चुन्याने पांढरं केलंस तर होऊन जाईल. मला काळजी आहे ती चुलीची. गेल्या उन्हाळ्यात मी पाहिली तेव्हा तिच्या दाराच्या एनॅमलचे टवके उडालेले होते आणि लाकडं ठेवता त्या बाजूला गंज धरला होता. ती लोखंडी चूल मी इथल्या पहिल्या वर्षी घेतली. पंधरा वर्षं झाली. रेल्वेने आली, मग बैलगाडीने वर चढवली, आणि आईने अख्ख्या गावाला हात लावून बघू दिलं होतं. पाहुणे स्वयंपाकघरातच बसणार, दुसरीकडे कुठे? आणि बसले की पहिली नजर तिच्यावरच जाणार.

नवी घ्या म्हटलं तर आई ऐकायची नाही, ते मला ठाऊक आहे. म्हणून मी इथे चौकशी करते, घरच्या घरी तिला रंगरूप देता येतं का. काम तुलाच करावं लागेल. मिलिसावच्या हातात ब्रश दिला तर तो आधी मांजराला रंगवेल.

तुझी,
विदोसावा

—

कामेना लुका, २१ सप्टेंबर

वन्संना नमस्कार.

येलित्साचं ऐकून आनंद झाला. आई दोन दिवस सगळ्या गावाला सांगत फिरल्या, तिसऱ्या दिवशी मलाच सांगायला आल्या.

चुलीची अवस्था तुम्ही पाहिलीत त्याहून वाईट आहे. दाराच्या खालच्या कडेला तळहाताएवढं एनॅमल गेलंय. लाकडांच्या बाजूला नुसता गंज, बोट लावलं की तांबडं होतं. वरच्या पट्टीचा पांढरा रंग पिवळा पडलाय, म्हाताऱ्याच्या दातांसारखा. पण जळते झकास. भाकरी अजूनही हिच्यासारखी कुठे भाजत नाही. दिसायला वाईट आणि कामाला चांगली, तेव्हा मला तिच्याबद्दल आपुलकी वाटते, काय म्हणून ते विचारू नका.

सामान पाठवाल तर करीन. मिलिसाव जंगलातल्या तळावरून शनिवारी येतो नि सोमवारी पहाटे जातो. रविवारी त्याचं डोकं ठणकतं. मी म्हणते आलुबुखाराची दारू, तो म्हणतो थकवा.

डोक्यावरून आठवलं. आईंची तब्येत तितकीशी बरी नाही. उन्हाळाभर बाहेरच्या ओसरीत स्वयंपाक होता तोवर टुणटुणीत होत्या. दहा तारखेपासून गारठा पडला म्हणून आत चूल पेटवली, त्यांचं अंथरूण नेहमीसारखं चुलीशेजारी घातलं, तर आता सकाळी उठतात त्या कपाळ धरूनच. "डोक्यात कोणी दगड ठेवलाय," म्हणतात. गाय सोडायला गेल्या की तासाभरात बऱ्या होतात. त्र्याहत्तर वय आहे, हवा बदलली की व्हायचंच. खाली डॉक्टरकडे चला म्हटलं तर मला म्हणाल्या, "तुला घर मोकळं करायचंय का?" असं त्यांचं चालतं.

रोसांदा

—

लिंझ, ४ ऑक्टोबर

प्रिय रोसांदा,

आईला डोकेदुखीच्या गोळ्या पाठवतेय. रोज एक, जेवणानंतर. आणि ती काय म्हणते इकडे लक्ष देऊ नकोस, डॉक्टरकडे ने. तू जरा दमाने बोललीस तर येईल ती.

गोळ्यांबरोबर एक खोकं आहे. कामगारांच्या बसचा ड्रायव्हर तालुक्याच्या स्टँडवर उतरवून ठेवील. त्यात आच सोसणाऱ्या पांढऱ्या रंगाचे तीन डबे, खड्डे भरायच्या लांबीची एक नळी, काचपेपर आणि तारेचा ब्रश. दुकानदाराने मला तासभर समजावलं, ते तसंच लिहिते.

खरं एनॅमल कारखान्यातल्या भट्टीत भाजतात, घरात ते होत नाही. हा रंग त्याची सावत्र बहीण, पण दुरून ओळखू येत नाही म्हणाला. चूल पूर्ण गार पाहिजे. धुराड्याचा पाइप काढायचा, दारं काढायची. सोड्याच्या पाण्याने तेलकटपणा धुवायचा. एक थेंब राहिला तरी रंग सुटेल. गंज तारेच्या ब्रशने, मग टवक्यांच्या कडा काचपेपरने इतक्या घासायच्या की डोळे मिटून बोट फिरवलं तर पायरी लागता कामा नये. खड्ड्यांत लांबी. मग रंगाचे तीन पातळ हात, जाड एक नाही. वाळल्यावर पहिला जाळ अगदी थोडा, खिडक्या उघड्या ठेवून, कारण वास मारतो. दुसरा थोडा मोठा, तिसरा पुरता.

आणि सगळीकडून रंगव. मागची बाजूसुद्धा. येलित्साच्या सासूबाई अशा आहेत की त्या खुर्चीच्या खालीही बघतात.

विदोसावा

—

कामेना लुका, ३० ऑक्टोबर

वन्संना नमस्कार.

खोकं मिळालं. तुमच्या सूचना मी भिंतीला टाचून ठेवल्या आणि देवाची आज्ञा असल्यासारख्या पाळल्या.

चूल चौघांनी उचलून गोठ्याशेजारच्या खोलीत नेली. पंधरा दिवस तिथेच आहे. तोवर आम्ही मागच्या धूर-खोलीत, जिथे मांस धुरवतो ना, तिथे उघड्या आगीवर रांधतो. आई वरच्या गार खोलीत झोपतात, तीन घोंगड्या घेऊन, माझ्या नावाने खडे फोडत.

धुण्यातच दोन दिवस गेले. पंधरा वर्षांचं तूप, दूध, जॅम, सगळं त्या पट्टीखाली दडून बसलं होतं. ब्रशने हाताची सालं निघाली. दार सगळ्यात अवघड. एनॅमल काचेसारखं असतं, कड घासायला गेलं की पुढचा टवका उडतो. तेव्हा मी काय केलं, काचपेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळला आणि एकाच दिशेने घासलं, आतून बाहेर नाही, बाहेरून आत. मग धरलं. मला स्वतःचं कौतुक वाटलं, आणि इथे दुसरं करायला कोणी नव्हतं.

मागच्या बाजूची एक गंमत. पाइप जिथे बसतो त्याच्या खाली, बिडाच्या पत्र्यावर वीतभर लांब एक करडं ढेकूळ होतं, लिंपल्यासारखं. गाठीगाठीचं, अगदी कुरूप. मिलिसावला विचारलं, म्हणाला मला माहीत नाही, कारखान्यातूनच तसं आलं असेल. आईंना विचारलं तर त्यांना त्या वेळी ऐकू आलं नाही. मी ते छिनीने आणि काचपेपरने घासून पत्र्याच्या बरोबरीला आणलं, वर लांबीचा पातळ हात, मग रंग. आता बोट फिरवा, पायरी लागायची नाही. विहीणबाईंनी खुशाल वाकून बघावं.

आईंची खुशखबर म्हणजे डोकं थांबलंय. दहा-बारा दिवसांत एकदाही तक्रार नाही. भूक लागते, काल शेजारी जाऊन भांडूनही आल्या. मी कोंबडीचं सूप आणि जंगली गुलाबाच्या फळांचा काढा चालू केलाय, त्याचा गुण म्हणते मी. तुमच्या गोळ्या त्यांनी मांजराला घालून बघितल्या, मांजर खाईना म्हणून त्यांनीही खाल्ल्या नाहीत.

उद्यापासून चार दिवस मी माहेरी चाललेय, भाच्याचं लग्न आहे. शेजारच्या पेरुनिका मावशी आईंकडे बघतील. आल्यावर शेवटचा हात देईन आणि चूल आत आणू.

रोसांदा

—

कामेना लुका, २० नोव्हेंबर

वन्संना नमस्कार.

तुमचं नऊ तारखेचं पत्र मिळालं. फोटो मागितलात, पण कॅमेरावाला वर येत नाही बर्फात. शब्दांत सांगते.

चूल आत आली. पांढरी, गुळगुळीत, दारात माझा चेहरा दिसतो, ते तेवढं चांगलं नाही. पेरुनिका मावशी आल्या, हात लावला, म्हणाल्या, "नवी घेतलीस आणि जुनी म्हणून सांगतेस." मी त्यांना वाकून मागची बाजूही दाखवली. मिलिसाव तर टोपी काढून आत आला.

तीन जाळ तुम्ही सांगितले तसे दिले. पहिल्याला असा वास सुटला की कोंबड्याही अंगण सोडून गेल्या. तीन दिवस दारंखिडक्या सताड उघड्या ठेवल्या. मग बर्फ आला, म्हणून खिडक्यांच्या फटी चिंध्या आणि कागदाने बुजवल्या, दरवर्षी करतो तशा.

आईंचं परत सुरू झालंय, वन्सं. आणि या वेळी जास्त. सकाळी उलटी होते. परवा उभ्या राहिल्या आणि गुडघ्यांतून खाली गेल्या, मी धरलं म्हणून बरं. माझंही डोकं दुपारपर्यंत जड असतं, हातपाय दुसऱ्या कोणाचे असल्यासारखे वाटतात. मला वाटतं अजून रंगाचाच वास अंगात भिनलाय, जरी नाकाला येत नाही. हळूहळू जाईल.

सूप चालूच आहे. काढाही. पण आता त्या माझ्या हातचं घ्यायला बघत नाहीत. वाटी हातात घेतात, माझ्याकडे बघतात, आणि खाली ठेवतात. काय मनात आहे सांगत नाहीत. दिवसाचा बराच वेळ गोठ्यात गायीपाशी बसतात. तिथे बरं वाटतं म्हणतात.

डॉक्टर रस्ता उघडल्यावर येईन म्हणालेत.

रोसांदा

—

लिंझ, २८ नोव्हेंबर

रोसांदा,

हे पत्र मी तीन वेळा लिहून फाडलं. चौथ्यांदा जे येईल ते पाठवते.

पेरुनिका मावशी मुलाकडे उझित्से शहरात गेली होती. तिथून तिने मला फोन केला. म्हणाली, "विदो, तू मोठी आहेस, तुला सांगायला हवं. सून माहेरी गेली ते चार दिवस तुझी आई गुलाबासारखी फुलली होती. आल्यावर पुन्हा कोमेजली. ती तिच्या हातचं खात नाही, मला स्वतः म्हणाली, हिचं सूप माझ्या पोटाला सोसत नाही."

मग मी तुझी सगळी पत्रं काढून बसले. तारखा लिहिल्या. तू लिहितेस सूप दिलं, काढा दिला. तू लिहितेस वाटी हातात घेऊन माझ्याकडे बघते. माझी आई आयुष्यात कोणाला घाबरली नाही.

मी तुझ्यावर आरोप करत नाही. मी विचारतेय. त्या काढ्यात काय असतं? तू म्हणालीस ना, आई म्हणते तुला घर मोकळं करायचंय. ते तू मला गंमत म्हणून लिहिलंस. आता मला त्यात गंमत दिसत नाही.

आजपासून माझ्या आईला तुझ्या हातचं काही देऊ नकोस. मावशी दोन वेळा डबा आणून देईल, मी तिच्याशी बोलले आहे. सणाला येईन तेव्हा समोरासमोर बोलू.

विदोसावा

—

कामेना लुका, ६ डिसेंबर

विदोसावाबाई,

अकरा वर्षं मी तुम्हाला वन्सं म्हटलं. आता ते तोंडात येत नाही.

तुमचं पत्र मी मिलिसावला दाखवलं नाही. दाखवलं असतं तर तो एकतर तुमच्याशी कायमचा बोलला नसता, किंवा माझ्याशी. दोन्हींपैकी काय झालं असतं ते मला कळून घ्यायचं नाही.

मावशी डबा घेऊन येतात. दारातच उभ्या राहतात, आत येत नाहीत, वाटी माझ्या हातून जाऊ नये म्हणून माझ्या अंगावरून हात लांब करून आईंना देतात. टपालवाला रातोमिर नेहमी पाणी प्यायला थांबायचा, परवा तो म्हणाला, "नको, तहान नाही." चार किलोमीटर चढून आलेला माणूस.

आणि आई मावशींचं खाऊनही सकाळी ओकतात. ते तुमच्या तारखांमध्ये लिहून ठेवा.

सणाची तयारी झालेली असेल. पाहुणे घेऊन या, चूल चमकते आहे. पत्र पाठवू नका. आलं तर मी फोडणार नाही.

रोसांदा

—

तार. लिंझ, १२ डिसेंबर, सकाळी ११.४०

चूल पेटवू नका. जाळ विझवा. दारंखिडक्या उघडा. आईला बाहेर काढा. विष सुपात नाही चुलीत आहे. विदोसावा

—

लिंझ, १२ डिसेंबर

रोसांदा, माझ्या रोसांदा,

हे पत्र फोड. तू फोडणार नाहीस असं लिहिलंयस, पण फोड. पाकिटावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलंय, आणि रातोमिरलाही चिठ्ठी पाठवलीय की तिने नाही फोडलं तर तू फोडून वाचून दाखव.

आज सकाळी आमच्या इमारतीत धुराडी तपासणारा आला, पिखलर नावाचा म्हातारा. दरवर्षी येतो. मी त्याला कॉफी दिली आणि रडायला लागले. त्याने विचारलं काय झालं, तर मी सगळं सांगितलं, तुझ्यावरचा संशयसुद्धा. तो मध्येच थांबला. म्हणाला, "एक मिनिट. बाई घराबाहेर गेली की बरी होते?" मी म्हटलं हो. "चुलीजवळ झोपते?" हो. "घरातल्या इतरांनाही डोकं?" मी म्हटलं भावाला रविवारी, वहिनीला दुपारपर्यंत. मग विचारलं, चुलीला मागे कुठे भेग आहे का, डाग, लिंपण, काहीही.

मी धावत जाऊन तुझं तीस ऑक्टोबरचं पत्र काढलं. त्या करड्या ढेकळाचं वाक्य भाषांतर करून वाचलं. त्याने कप खाली ठेवला. म्हणाला, "लिंपण घासून पातळ केलं. आणि खिडक्या बुजवल्या. बाई, तुम्ही पोस्टात जा, आत्ता जा, कॉफी राहू दे."

त्या धुरात एक वायू असतो, त्याला वास नाही, रंग नाही. माणूस झोपल्यासारखा जातो. चूल धूर-खोलीत होती... नाही, बघ, माझं डोकं चालत नाही, चूल गोठ्यात होती तेव्हा आई बरी होती. तू माहेरी गेलीस तेव्हाही चूल गोठ्यातच होती. मी तारखा लिहिल्या होत्या ना? सगळ्या समोर होत्या. मी फक्त तुझंच नाव वाचलं.

तालुक्याला फोन लावला. बर्फाने तारा तुटल्यात म्हणाले. तार कुठून कुठून फिरवून पोचवतील, पुढे माणूस जाईल. कधी, ते सांगता येत नाही.

मागची बाजू रंगव म्हणून मी सांगितलं होतं. ते मीच सांगितलं होतं.

पाहुण्यांना मी नाही म्हणून कळवलंय. येलित्साला खरं कारण सांगितलं, ती माझ्याशी बोलत नाही. मी रस्ता उघडला की एकटी येते. तू मला दारात उभी करशील की नाही, ते तू ठरव. फक्त जिवंत राहा. तुम्ही दोघीही.

विदोसावा

—

कामेना लुका, १५ डिसेंबर

विदो,

हे टपालवाला रातोमिर लिहितोय, मी, तुझी आई, बोलतेय. चुका त्याच्या.

मी जिवंत आहे. सून पण जिवंत आहे, खाली हॉस्पिटलात आहे. आता नीट ऐक.

परवा गुरुवारी सकाळी मी उठले ती डोकं फुटेल अशी. गोठ्यात गेले. गायीच्या पोटाला पाठ लावून बसले की मला बरं वाटतं. सून आत भाकरीचं पीठ मळत होती. दहाच्या सुमारास मला थंडी वाजली म्हणून परत आले. दार उघडलं तर ती टेबलाखाली. हात पिठात, तोंड लाल, सफरचंदासारखं लाल. मी म्हटलं ही झोपली कशी. हाक मारली, हलवलं. डोळे उघडे आणि आत कोणी नाही.

मला काही कळलं नाही, विदो, खोटं बोलत नाही. एवढंच कळलं की या घरात सगळ्यांना काहीतरी होतं आणि गोठ्यात मला काही होत नाही. तिला बाहेर न्यायची. ती माझ्या दीडपट आहे. मी तिचा झगा धरला, तो फाटला. मग चुलीपुढची गोधडी तिच्याखाली सरकवली आणि ओढली. उंबरठ्यावर अडली. मी बसले, पाय दाराला लावले आणि ओढली. मी देवाला नाही, तुझ्या बापाला शिव्या देत होते, उंबरठा त्याने उंच केला म्हणून. बाहेर बर्फात पालथी घातली, तोंडाला बर्फ चोळला, थोबाडीत दिल्या. खूप दिल्या. थोड्याफार जास्तच. मग ती ओकली आणि रडली, आणि मीही बसून रडले.

तेवढ्यात हा रातोमिर आला, कमरेपर्यंत भिजलेला, तुझी तार वर धरून. "आजी, चूल पेटवू नका!" मी म्हटलं, आता वाच गाढवा, सावकाश वाच. (मी रात्री निघूच शकत नव्हतो, विदोसावा, बर्फ छातीएवढा होता. — रातोमिर.) पण त्यानेच तिला घोंगडीत गुंडाळून घसरगाडीवरून खाली नेलं, ते सांगायला हवं.

आता दुसरं. रातोमिर, हे लिही आणि गावात बोललास तर जीभ उपटीन.

ते लिंपण माझं होतं. तीन वर्षांपूर्वी नाताळाच्या आधी माझ्या हातून बर्फाच्या पाण्याची बादली तापलेल्या चुलीवर मागून उलटली. तडकन आवाज झाला. बघितलं तर भेग. मला वाटलं, विदोने एवढ्या लांबून पाठवलेली चूल मी म्हातारीने फोडली. सांगितलं असतं तर तू नवी पाठवली असतीस, आणि ही बाहेर फेकली असतीस. मला हीच पाहिजे होती. म्हणून राख, मीठ आणि कुंभारमाती अंड्यात कालवून लिंपलं. माझी आई भांडी तशीच लिंपायची. धूर दिसायचा बंद झाला, पण यंदा ते कुठेतरी तडकलं असेल. सुनेने विचारलं तेव्हा मला ऐकू आलं होतं.

आणि पेरुनिकाला मी सुपाबद्दल बोलले तेही खरं. मला पोटात ढवळत होतं, कशाने ते कळत नव्हतं, कशाला तरी नाव ठेवायचं म्हणून सुपाला ठेवलं. म्हाताऱ्या माणसाला काहीतरी नाव ठेवायला लागतंच. तू त्याच्यावरून काय लिहिलंस ते मला काल कळलं. तिच्या उशीखाली पत्र होतं. मिलिसावने वाचून दाखवलं, मग तो बाहेर गेला आणि दोन तास लाकडं फोडत बसला.

तिला तू लिहू नकोस. तिला तू येऊन भेट.

आई

—

तालुक्याचं हॉस्पिटल, २२ डिसेंबर

वन्संना नमस्कार.

अक्षर वाकडं आहे. उजवा हात थरथरतो. डॉक्टर म्हणतात जाईल, कधी ते सांगत नाहीत. चार दिवस नाकाला नळी होती. पहिले दोन दिवस मला माझ्या आईचं नाव आठवेना, तुमचं पत्र मात्र शब्दन् शब्द आठवत होतं. डोकं काय ठेवतं नि काय टाकतं, कोणाच्या हातात नसतं.

तुमचं बारा तारखेचं पत्र काल आलं. रातोमिरने आणलं आणि तुमची चिठ्ठी हातात धरून खाटेशी उभा राहिला. म्हणाला, "फोड, नाहीतर मला फोडायचा हुकूम आहे." मी फोडलं.

मागची बाजू तुम्ही रंगवायला सांगितलीत, आईंनी लिंपली, मी घासली. मी इथे पडून मोजत होते कोणाचा वाटा किती. मग सोडून दिलं. माझ्या हाताला तेव्हाच कळायला हवं होतं, भेगेवर बोट फिरवलं होतं मी. मला ती गुळगुळीत करायची होती, बस.

सण झाला. मिलिसावने मेणबत्ती लावली, तीन माणसं आली. चूल त्याने अंगणात नेऊन टाकलीय. दरीत ढकलायला निघाला होता, तर आई जाऊन तिच्यावर बसल्या, बर्फात, तासभर. अजून वाद चालू आहे. लोहार चूल बघून गेला, म्हणतो मागचा पत्रा नवा बसवता येईल. मी घरी गेल्यावर ठरवीन. माझ्या स्वयंपाकघराचं मी ठरवीन, हे तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते.

आता तुमच्याबद्दल.

तुम्ही विचारलंत, दारात उभं करशील का. मी रात्रभर विचार केला. तुम्ही आई जाईल या भीतीने लिहिलंत, ते मला कळतं. मी तुमच्या जागी असते तर कदाचित तेच वाचलं असतं. पण मी तुमच्या जागी नव्हते, मी त्या घरात होते. माझ्या हातचं पाणी नको म्हणून चार किलोमीटर चढून आलेला माणूस तहानलेला परत गेला, ते मी पाहिलं. ते पत्राने पुसलं जात नाही. माफी मागितलीत, मिळाली असं लिहिलं तर खोटं होईल.

तुम्ही रस्ता उघडला की येणार म्हणता. या. पण बसमधून उतरलात की आधी घरी यायचं नाही. आधी पेरुनिका मावशींच्या दारात जायचं. रविवार असेल तर बरं, त्यांच्याकडे सगळ्या बायका जमतात. तिथे उभं राहून, आपल्या भाषेत, तुम्हाला त्यांनी फोनवर काय सांगितलं आणि तुम्ही मला काय लिहिलंत, ते मोठ्याने सांगायचं. आणि मग खरं काय होतं ते सांगायचं. आईंचं नाव घेतलंत तरी चालेल, मी त्यांना विचारलंय. त्या म्हणाल्या, "घे म्हणावं, मला त्या टोळक्याची भीती वाटत नाही."

तुम्हाला जड जाईल, मला माहीत आहे. एवढ्या वर्षांनी गावात आलात की सगळे तुमच्याकडे मान वर करून बघतात. त्या दिवशी तसे बघणार नाहीत.

तुम्ही आत असाल तोवर मी मावशींच्या फाटकापाशी उभी राहीन. थंडी असली तरी. तुमचं बोलून झालं की बाहेर या, आणि मग आपण दोघी मिळून घरी जाऊ.

रोसांदा